कालच्यासारखंच

१२ जानेवारी

ताई,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडून लिहून घेतला आहे. आता फोडलंच आहेस तर वाच.

फोन केला नाही, कारण फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि ऐकत कोणीच नाही. मागच्या वेळी समोरासमोर असूनही तेच झालं. मी हॉस्पिटलमधून नुकती घरी आले होते. तू म्हणालीस, सामान बांध आणि माझ्याकडे चल. मी म्हणाले, मला माझं घर आहे. तू म्हणालीस, मग तुझं तू बघ. मी म्हणाले, बघीन. दोन वर्षं होत आली, बघतेच आहे.

तर बातमी अशी, की तुझी धाकटी बहीण आता नुसती पेशंट राहिलेली नाही. ती ‘रुग्ण-भागीदार’ झाली आहे. हसू नकोस. आमच्या हॉस्पिटलने हृदय कमकुवत झालेल्या लोकांसाठी मोबाइलवर एक ॲप काढलं आहे. रोज सकाळी त्यात आपलं वजन भरायचं, पाय सुजलेत का, धाप लागते का, आडवं पडल्यावर श्वास कोंडतो म्हणून रात्री डोक्याखाली किती उश्या घेतल्या, ते सांगायचं. आमच्यासारख्यांच्या अंगात पाणी साठतं. ते आधी वजनात आणि पावलांत दिसतं, मग छातीत चढतं. वेळेवर कळलं तर गोळी वाढवून भागतं. नाही कळलं तर काय होतं, ते तू माझ्या उशाशी बसून पाहिलं आहेस. हे ॲप डॉक्टर आणि कॉम्प्युटरवाल्यांनी आपापसांत न बनवता पेशंटांना विचारून बनवायचं ठरलं, आणि त्या गटात मला घेतलं.

बैठक हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत असते. भिंतीला टेकून मोडक्या व्हीलचेअर ठेवल्या आहेत, मध्ये लांब टेबल, टेबलावर बिनमिठाची बिस्किटं. समन्वयक म्हणून एक तरुण मुलगी आहे, अतिशय कामसू. ‘तुम्ही सगळे आमच्या बरोबरीचे आहात,’ असं ती प्रत्येक बैठकीत सांगते. गळ्यात घालायला देतात त्या कार्डावर मात्र ‘अभ्यागत’ लिहिलेलं असतं.

आपापली ओळख करून द्या म्हणाले, तेव्हा मी सांगितलं, बस स्थानकात चौकशीच्या खिडकीत माझा जन्म गेला. आणि पुरावा म्हणून लांबच्या गाडीचे सगळे थांबे म्हणून दाखवले, लहान असताना तुझ्या मुलांना एका दमात म्हणून दाखवायचे तसे. शेवटचे दोन-तीन राहिले, पण टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्याने वाजवल्या त्या पेंटरने. हा माणूस पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. माझ्यासारखंच हृदय, जीभ माझ्याहून तिखट.

मग खरं काम सुरू झालं. सगळ्यांची एकच तक्रार होती, की रोज उठून तेच तेच प्रश्न. मी म्हणाले, माणसाला एकच गोष्ट रोज विचारली की तो वैतागून काहीही ठोकून देतो, हे मी खिडकीत बसून शिकले आहे. एक बटण ठेवा. त्यावर लिहा, ‘कालच्यासारखंच’. ते दाबलं की कालची सगळी उत्तरं आपोआप भरली जातील, वजनासकट. खोलीत सगळे एकदम बोलायला लागले. पेंटर म्हणाला, ‘बाईंच्या बटणाची पाटी मी फुकट रंगवून देतो.’ कोपऱ्यात फोनवरच्या सिस्टर बसल्या होत्या. पेशंटांनी किंवा घरच्यांनी काही विचारायचं असेल तर त्यांच्या नंबरवर फोन करायचा, अशी जुनी सोय आहे. त्या काहीतरी पुटपुटल्या, की वजन तरी रोज करू द्या. मी म्हणाले, सिस्टर, काटा काही पळून जात नाही. सगळे हसले.

इतकी वर्षं मी लोकांना गाड्या सांगितल्या. माझ्या सांगण्यावरून एखादी गाडी नवीन सुरू झाली, असं कधी झालं नव्हतं. यावेळी झालं, आणि ते कोणाला तरी सांगावंसं वाटलं.

ॲपमध्ये एक रकाना आहे, ‘जवळची व्यक्ती’. तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही असं समन्वयक म्हणते. मी माझाच नंबर टाकून पुढे गेले.

मी बरी आहे. भाजी स्वतः आणते, दोन जिने चढते. मधल्या वळणावर शिंपीणबाईंशी गप्पा मारायला थांबते, एवढंच. भावोजींना नमस्कार सांग.

धाकटी


६ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. पोस्टाने घोळ घातला असेल असं मी दोन दिवस धरून चालले. मग आठवलं, की तू शाळेतही रुसलीस की डबा माझ्यापुढे सरकवायचीस पण बोलायची नाहीस. तेव्हा मीच लिहिते.

बटण भलतंच चाललं. जो तो तेच दाबतो. हॉस्पिटलने प्रवेशद्वाराशी माझा फोटो लावला आहे, खाली ‘सूचना रुग्णांची, सोय सर्वांची’. फोटोत चेहरा जरा गोल आला आहे. फोटोग्राफर म्हणाला, तब्येत सुधारलेली दिसते.

पण एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. फोनवरच्या सिस्टरांकडे फोन येणं कमी झालं. समन्वयक म्हणते, फोन कमी झाले म्हणजे लोकांना बरं वाटतंय, ॲप पुरेसं आहे. पुढच्या महिन्यातल्या बैठकीत फोनची सोय बंद करायची आणि सिस्टरांना वॉर्डात पाठवायचं, असा विचार आहे. त्यासाठी आमच्या गटाची संमती लागते. गटात सगळे माझ्याकडे बघतात, कारण बटणाची बाई मी. मी हो म्हटलं की सगळे हो म्हणतील.

कारण काही नाही, पण मी अजून हो म्हटलेलं नाही. खिडकीवर गर्दी कमी झाली म्हणजे लोकांना गाड्या कळायला लागल्या, असं आमचे साहेबही म्हणायचे. बाहेर जाऊन बघितलं तर लोक चुकीच्या फलाटावर उभे असायचे.

इकडचं विशेष काही नाही. माझ्या चपला अचानक घट्ट व्हायला लागल्या. आजकाल मालच असा येतो. मोठ्या, पट्ट्या सोडता येतील अशा घेतल्या. भाजीवाल्यासाठी खिडकीतून दोरीने टोपली सोडते, तो भरून देतो. उगाच दोन जिने कशाला. सकाळी बटण दाबते, कालच्यासारखंच, की दिवस मोकळा.

तू कशी आहेस? गुडघे? एक ओळ तरी लिही.

धाकटी


२४ फेब्रुवारी

ताई,

पेंटर अतिदक्षता विभागात आहे.

मी भेटायला गेले. आत सोडत नाहीत, काचेतून बघायचं. एवढा तोंडाळ माणूस, तोंडावर मास्क लावून पडलेला. बाहेर बाकावर त्याची बायको होती. मी शेजारी बसले. तिनेच सुरुवात केली.

‘रोज सकाळी चहाच्या आधी दाबायचे हो. मी विचारायची, काय भरलंत? म्हणायचे, कालच्यासारखंच. आणि ते खोटं नव्हतं. खरंच रोज कालच्यासारखेच दिसायचे मला. पाय कालच्याएवढेच, धाप कालच्याएवढीच. मी तर चोवीस तास समोर. मला कसं नाही दिसलं?’

मी म्हणाले, ‘वहिनी, तुमची काही चूक नाही.’

‘काट्यावर उभं केलं इथे, तेव्हा डॉक्टर मलाच ओरडले. इतकं पाणी साठेपर्यंत काय करत होता म्हणाले. ॲपवर तर सगळं हिरवं होतं.’ मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बटण तुम्ही सुचवलंत ना? सांगायचे ते सगळ्यांना. आमच्या गटातल्या बाईंनी काढलंय म्हणून.’

ती रागावून बोलली असती तर मला झेपलं असतं. ती अगदी सरळ बोलली, अभिमानाने सांगितलेली गोष्ट परत सांगावी तशी. मी तिथून उठले आणि प्रवेशद्वाराशी माझा फोटो टाळून बाजूच्या दाराने बाहेर पडले.

ताई, आमचं काय चुकलं ते मी रिक्षात बसल्या बसल्या जुळवलं. आज आणि काल यांत फरक नसतोच. जो काही असतो तो इतका बारीक असतो की प्रामाणिक माणूसही ‘तसंच आहे’ म्हणेल. पेंटर रोज खरं बोलला आणि सगळी खरी उत्तरं मिळून खोटी पडली. हे डॉक्टरांच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. डॉक्टरांनी तर रोज वजन मागितलं होतं. आम्ही पेशंटांनीच, सोय म्हणून, टाळ्या वाजवून ते काढून टाकलं.

आणि तो फोन बंद करायच्या कागदावर माझी सही हवी आहे.

माझी काळजी करू नकोस. माझं खरंच तसंच आहे. हल्ली वाचता वाचता खुर्चीतच डोळा लागतो आणि सकाळ होते, त्यामुळे उश्यांचा हिशेबच राहिला नाही.

धाकटी


४ मार्च

ताई,

आज समन्वयक घरी आली होती. दोन जिने चढून, हातात फळं. मला वाटलं धमकावायला आली असेल, पण तिचाच चेहरा उतरला होता. पेंटरला बघून आली होती.

म्हणाली, ‘मावशी, बैठकीत तुम्ही काय बोलणार आहात?’

मी म्हणाले, ‘अजून ठरवलं नाही.’

‘बटण काढू आपण. मी करून घेते ते, गाजावाजा न करता. पण सगळ्यांसमोर बोललात तर वरचे लोक म्हणतील, पेशंटांना विचारलं म्हणूनच घोटाळा झाला. मग यापुढे कोणी पेशंटांना विचारणार नाही. गटच मोडीत निघेल. आणि ॲपमुळे कितीतरी लोक वेळेवर सापडलेत, तेही खरं आहे ना?’

ते खरं आहे. एका आजोबांचं वजन वाढलेलं ॲपला दिसलं, त्यांना सिस्टरांनी फोन करून बोलावलं, ते आज हिंडते-फिरते आहेत. मी हे विसरलेले नाही. म्हणून तर झोप उडाली आहे. बोलले तर माझ्या तोंडाने पेशंटांची किंमत जाते. गप्प बसले तर फोन बंद होतो, आणि पुढचा कोणी पेंटर कुठे फोन करणार? बटण काढलं तरी दुसरं काहीतरी आम्हीच सोयीचं शोधून काढू. आम्ही फार हुशार आहोत त्यात.

जाताना तिने खुर्चीवरचं पांघरूण बघितलं. ‘मावशी, तुम्ही इथे झोपता?’ मी म्हणाले, ‘टीव्ही बघत पडते कधी कधी.’ टीव्ही दुसऱ्या खोलीत आहे. तिच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे.

आता तुला सांगते, कारण तू उत्तर देत नाहीस आणि उत्तर न देणाऱ्या माणसाला सगळं सांगता येतं. वजनाचा काटा पलंगाखाली गेला आहे. वाकून काढायचा म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी येते. शिंपीणबाईंना सांगितलं तर त्या काढून देतील. पण मी सांगत नाही. काट्याने एकदा काही सांगितलं की तुझं खरं होतं. मला एकटीला राहणं जमत नाही, हे ठरून जातं. मग हे घर, ही खिडकी, ही दोरीची टोपली, सगळं आवरायचं आणि तुझ्या मागच्या खोलीत येऊन पडायचं. भावोजी दारावर टकटक करून विचारणार, चहा घेणार का. ते चांगलेच आहेत. पण मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

म्हणून रोज बटण दाबते. मीसुद्धा. पेंटरला काचेतून बघून आल्यानंतरसुद्धा.

मी बैठकीत काय करू? हो किंवा नाही एवढंच लिहिलंस तरी चालेल. दोन्हीपैकी जे लिहिशील त्याच्या उलट करीन असं म्हणू नकोस. यावेळी ऐकेन.

धाकटी


१५ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं नाही, पण बैठक आली.

मोठे डॉक्टर होते, वरचे दोन अधिकारी होते, समन्वयक होती, सिस्टर कोपऱ्यात. पेंटरची खुर्ची रिकामी. तो वॉर्डात आला आहे आता, बोलतो आहे, म्हणजे शिव्या देतो आहे. संमतीचा कागद फिरत फिरत माझ्यापुढे आला. सगळे बघत होते.

ठरवून काही आले नव्हते. पण अचानक आपली मावशी आठवली. वर्षातून एकदा, सुट्टीत यायची ती. आई-बाबांना आपण रोज दिसायचो, त्यांना आपण वाढतोय हे कधी कळलंच नाही. कपडे आखूड झाले की आई म्हणायची, धुण्यात आटले. मावशी दारात पाऊल टाकायची आणि म्हणायची, अगं, केवढी झाली ही पोर. मग कुठे नवीन कपडे शिवले जायचे.

मी तेच सांगितलं. म्हणाले, या ॲपमध्ये सगळे घरातलेच आहेत. पेशंट रोज स्वतःला बघतो, बायको रोज नवऱ्याला बघते, ॲप रोज कालचं बघतं. यात मावशी कुठे आहे? अधूनमधून दारात येऊन ‘हे काय झालंय तुला’ म्हणणारं माणूस पाहिजे. सिस्टर ते काम फोनवर करत होत्या. त्यांना आवाज महिन्याने ऐकू यायचा, म्हणून फरक कळायचा. बटण मी सुचवलं, मीच सांगते काढून टाका. पण एक बटण चुकलं म्हणून आम्हाला विचारणं बंद करू नका. आम्हाला चूक करू दिलीत तशी ती दुरुस्तही करू द्या.

अजून बरंच होतं मनात, पण तिथेच थांबावं लागलं. शब्द येईनात. समन्वयकाने पाणी दिलं, मोठे डॉक्टर म्हणाले, बाईंना भरून आलं. मीही मान डोलावली. म्हटलं, असेल.

सही केली नाही. मी नाही केली म्हणून पुढच्यांनीही नाही केली. शेवटी ठरलं ते असं: बटण जाणार, वजन रोज स्वतः भरायचं. फोन चालू राहणार. आणि ‘जवळच्या व्यक्ती’ला अधूनमधून ॲपवरून एक प्रश्न जाणार, की तुम्हाला या माणसात काही फरक वाटतो का. ही शेवटची कल्पना समन्वयकाची. माझ्यावर रागावली असेल असं वाटलं होतं, पण बैठक संपल्यावर पाठीवर हात ठेवून म्हणाली, ‘मावशीचं नाव कागदपत्रात घालता येणार नाही, नाहीतर घातलं असतं.’

मी जिंकले, ताई. जिना चढून आले आणि खुर्चीत बसले, ती अजून उठलेच नाही. चहासुद्धा नको वाटतो. शिंपीणबाई डोकावून गेल्या, त्यांना म्हटलं, आज दमले. उद्या काटा काढून घेईन म्हणते.

वाचलेला तो फोनचा नंबर फुशारकी म्हणून पाकिटाच्या मागे लिहिते आहे. बघून ठेव, तुझ्या धाकटीमुळे चालू राहिला.

अक्षर नीट आलं नसेल. बोटं जड झाली आहेत, पेन नीट धरता येत नाही.

धाकटी


२७ मार्च

ताई,

हे हॉस्पिटलमधून लिहिते आहे. घाबरू नकोस. म्हणजे घाबरायची वेळ येऊन गेली, आता नको.

झालं ते असं. मी काटा काढला नव्हता. बटण गेलं होतं, म्हणून ॲपच उघडलं नाही. एक दिवस, मग आणखी एक. दुपारी फोन वाजला. फोनवरच्या सिस्टर.

‘कशा आहात?’

‘बरी आहे. कालच्यासारखीच.’

‘बरं. मला एक करून दाखवा. लांबच्या गाडीचे सगळे थांबे म्हणा बघू. एका दमात.’

मी म्हणाले, हे काय भलतंच. त्या म्हणाल्या, म्हणा तर खरं. मी सुरुवात केली. पहिला थांबा, दुसरा, आणि तिसऱ्याला श्वास संपला. पुन्हा घेतला, चौथ्याला संपला. ज्या गाडीचे थांबे मी उभं आयुष्य म्हटले, ती गाडी माझ्या घशातून पुढे जाईना. तेव्हा मला कळलं, ताई. पेंटरला काचेतून बघून कळलं नव्हतं, घट्ट चपलांनी कळलं नव्हतं, बैठकीत शब्द अडले तेव्हाही कळलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, ‘पुरे. दाराची कडी काढून ठेवा आणि बसून राहा. गाडी निघाली आहे.’

इथे आल्यावर काट्यावर उभं केलं. आकडा तुला सांगत नाही, तू ओरडशील. बरंचसं पाणी आता उतरलं आहे. पावलं पुन्हा माझी वाटायला लागली आहेत. पेंटर दोन खाटा सोडून आहे आणि म्हणतो की मी त्याची नक्कल केली.

सिस्टरांना मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? त्या म्हणाल्या, ‘एका नातेवाईकांचा फोन आला होता. नाव सांगू नका म्हणाल्या.’

‘काय म्हणाल्या?’

‘म्हणाल्या, पहिल्या पत्रात ती भाजी स्वतः आणत होती. मग टोपली सोडायला लागली. मग चपला घट्ट झाल्या, मग खुर्चीत झोपायला लागली, आता अक्षर बिघडलंय. आणि म्हणाल्या, ती बरी आहे म्हणेल. विश्वास ठेवू नका. तिला गाडीचे थांबे म्हणायला लावा.’

मी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बराच वेळ रडले. सिस्टर चांगल्या आहेत, त्या पडदा ओढून निघून गेल्या.

तू सगळी पत्रं वाचत होतीस. एकाचंही उत्तर न देता वाचत होतीस, माझी जिरवायला की रागाने की भीतीने, मला माहीत नाही. तुझ्या घरात बसून तुला जे दिसलं ते मला माझ्या पायांकडे रोज बघून दिसलं नाही. दोन वर्षं तू मला बघितलं नव्हतंस, म्हणूनच दिसलं असेल. यात आनंद मानायचा की नाही, तेही मला कळत नाही.

मी तुझ्याकडे राहायला येणार नाही. हे अजून तसंच आहे. पण डॉक्टर म्हणतात घरी सोडल्यावर पहिले काही दिवस कोणीतरी सोबत हवं. माझं घर लहान आहे, पण खुर्ची आता रिकामी आहे, मी पलंगावर झोपेन. भावोजींना म्हणावं, चहा मीच करीन.

आज समन्वयक येऊन ॲप पुन्हा चालू करून गेली. ‘जवळची व्यक्ती’ या जागी माझाच नंबर बघून तिने कपाळाला हात लावला. तो मी खोडला आणि तुझा टाकला. तुला न विचारता. आता तुझ्या फोनवर कधीतरी प्रश्न येईल, की तुम्हाला या व्यक्तीत काही फरक वाटतो का. खरं उत्तर दे. फक्त पत्रं वाचून दिलेलं उत्तर चालणार नाही, माणसाला समोर बसवून, बघूनच द्यायचं, असा नियम मी आज सकाळीच सुचवला आहे. समन्वयकाने तो लगेच मान्य केला.

धाकटी